चिठ्ठीवरचं दुसरं नाव

हा फरसाणाचा पत्र्याचा डबा दिसतोय ना, यात आमच्या मंडळाचा अध्यक्ष ठरतो. ठाण्यात, तलावपाळीपासून पाच मिनिटांवर. गेल्या वर्षी तिघं उभे होते, मतं पडली १४, ११ आणि ९, १४ वाला आला. पण ११ वाला आणि ९ वाला दोघंही एकच सांगत होते की डीजे नको, ढोल-ताशा पाहिजे, म्हणजे २० जणांना डीजे नको होता आणि विसर्जनाला डीजेच वाजला. मला ते अजून लागतं.

दक्षिण कोरियात १९८७ ला अख्ख्या देशाचं हेच झालं. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्षासाठी थेट मतदान मिळालं, आणि लोकशाहीसाठी लढलेले किम यंग-सॅम आणि किम डे-जुंग दोघंही उभे राहिले, कोणीच मागे हटेना. एकाला २८ टक्के, दुसऱ्याला २७, आणि जुन्या राजवटीतले जनरल रोह ते-वू ३६.६ टक्क्यांवर निवडून आले. जास्त मतं त्याची खुर्ची, असा नियम असला की खरी लढाई मतदानाच्या आधीच होते, कोण कोणाला बसवतो त्याची.

फ्रान्समध्ये दोन फेऱ्या, पहिलीतले वरचे दोघंच दुसरीत जातात, म्हणून पहिल्या फेरीत सगळेच नशीब आजमावतात. २००२ ला १६ उमेदवार होते, डाव्यांची मतं इतकी फुटली की त्यांचे जोस्पँ पहिल्याच फेरीत बाहेर.

आणि आपल्याकडे? राष्ट्रपती निवडताना आमदार-खासदार पसंतीक्रम लिहितात, १, २, ३. १९६९ ला आपले सी. डी. देशमुख उभे होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर. समोर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि इंदिरा गांधींचा कल असलेले अपक्ष व्ही. व्ही. गिरी. एकेका आमदार-खासदाराच्या मताचं मूल्य एकाहून जास्त धरतात, म्हणून आकडे मोठे: पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९, निम्म्याच्या वर कोणीच नाही. मग खालचे एकेक बाद होत गेले, देशमुखही बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली आणि ८८ हजारांचं अंतर पंधरा हजारांच्या आत आलं! गिरी वाचले, ४,२०,०७७ वर. रेड्डींसाठी ही दुसरी पसंती मागायला काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा स्वतः विरोधी पक्षांकडे गेले होते, त्यावरनं इंदिरा गांधींच्या गटाने रान उठवलं, पक्ष त्याच वर्षी फुटला. विरोधकाच्या दारात जायला लावते ती ही दुसरी पसंती.

यंदा आमच्या चिठ्ठीवर दोन रेघा आहेत, पहिलं नाव, दुसरं नाव. गेल्या रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर डीजेवाला उमेदवार ढोलवाल्या पोरांसोबत तासभर बसला होता, मी लांबूनच शूट केलं, ते आता स्क्रीनवर दिसतंय.