जिग पडतो तेव्हा

बोटीखाली 80 मीटर पाणी आहे. दोरीच्या टोकाला 150 ग्रॅमचा शिशाचा जिग, म्हणजे माशासारखं दिसणारं जड आमिष, आणि हातात जेमतेम साडेसहा फुटांचा बारीक रॉड. या काडीने तळाचा हेकरू मासा वर येईल, यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वासच बसत नाही.

खरं तर हा रॉड मासा ओढायला बनवलेलाच नाही. त्याचं काम जिग खेळवण्याचं. या मासेमारीला ‘स्लो पिच जिगिंग’ म्हणतात.

आता हाताकडे नीट पाहा. रीळाच्या मुठीचा पाव फेरा. टोक वाकलं. क्षणभर थांबलं, आणि रॉड आपणहून सरळ झाला. त्या जोरावर तिकडे खोलात जिगने उसळी घेतली. दोरी सैल पडताच तो आडवा होतो आणि डुलत, बाजूला घसरत खाली उतरतो. मासा बहुतेकदा इथेच तोंड घालतो. उचलताना नाही, पडताना.

ही पद्धत जपानमध्ये घडली. तिथले मासेमार नोरिहिरो सातो यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलंय. पळत्या जिगमागे धावायला तयार नसलेले, तळाशी सुस्तावलेले मासेही अशा संथ घसरणीला भुलतात.

म्हणून रॉड घेताना ‘मासा किती मोठा पेलेल?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, किती वजनाचा जिग उचलून तो पुन्हा सरळ होतो? रॉड फार मऊ असला तर जड जिगखाली वाकलेलाच राहतो. फार कडक असला तर जिग झटक्यात वर धावतो, पडण्यातली सगळी मजा जाते. सुरुवातीला खोलीच्या दर मीटरला एक ग्रॅम जिग धरतात. प्रवाह जोराचा असेल तर दुप्पटही लागतो.

दोरीही या हिशेबातलीच आहे. जाड दोरीला प्रवाहात मोठा बाक येतो, आणि रॉडची उसळी तो बाक काढण्यातच संपते. जिगला हिसका पोचतच नाही. म्हणून विणलेली, बारीक, पीई (दोरीच्या जाडीचं जपानी माप) 1.5 किंवा 2 ची दोरी. पुढे, दोरी आणि जिगच्या मधे, फ्लोरोकार्बनच्या धाग्याचा तुकडा, म्हणजे लीडर.

काही रॉडवर दोरी ओवायच्या कड्या वरच्या बाजूने सुरू होऊन वळसा घेत खालच्या बाजूला जातात. ही नुसती सजावट नव्हे. ताण आला की रॉड हातात पिळवटत नाही.

आणि मासा लागला की? रॉड उभा करायचा मोह आवरा. टोक पाण्याकडे झुकवा, ड्रॅगला (ताण वाढला की दोरी सोडणाऱ्या रीळाच्या ब्रेकला) काम करू द्या, रीळाने ओढा. उभ्या रॉडचा सगळा बाक टोकाकडच्या बारीक भागात गोळा होतो, आणि रॉडचा कार्बन तिथेच तुटतो. हे बहुधा मासा बोटीला लागता लागता घडतं. तेव्हा शेवटचे दोन-तीन मीटर लीडर हातमोजा घालून धरा, मासा जाळीत घ्या. लीडर हाताला गुंडाळू मात्र नका; होडी दिसताच मोठा मासा पुन्हा खाली मुसंडी मारू शकतो.