धावपट्टीवरचा नाच

(दृश्य: ईस्ट कर्कबी, लिंकनशर, इंग्लंड. काँक्रीटवर उभं दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बर. चारही पंखे स्थिर.)

चाकाच्या वर, इंजिनाच्या पोटात डोकं घालून एक माणूस उभा आहे. आपल्याला त्याचे फक्त पाय दिसतात. तो हातानं एक छोटा पंप मारतोय. इंजिन थंड असलं की थोडं पेट्रोल आधी असं हातानं पाजावं लागतं. बाजूला एक ढकलगाडी आहे, तिच्यात बॅटऱ्या. सुरू करतानाचा सगळा भार तिच्यावर, विमानाच्या स्वतःच्या बॅटऱ्यांवर नाही.

वैमानिकाचा हात खिडकीतून बाहेर येतो. एक बोट वर. एकच इंजिन.

पंखा कुठल्याही घाईत नाही. एक पातं वर येतं, दुसरं येतं, तिसरं येतं. मग नळकांड्यांतून निळसर धुराचा भपकारा, एक ठसका, दुसरा ठसका, आणि पाती दिसेनाशी होतात. आता दुसरं. मग तिसरं. मग चौथं.

(निवेदन थांबतं. चारही इंजिनं चालू. गवत आडवं होताना.)

रोल्स-रॉइस मर्लिन. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात बसवलेले १२ सिलिंडर, २७ लिटरचं इंजिन. हेच स्पिटफायर या लढाऊ विमानातही होतं, पण तिथे एक. इथे चार.

लँकेस्टर विमानं एकूण ७,३७७ बनली. आज त्यांतली उडणारी दोन. एक इथून जवळच, कॉनिंग्सबीला, हवाई दलाच्या ताब्यात. दुसरं कॅनडात, हॅमिल्टनला. हे तिसरं, एनएक्स ६११, अजून उडत नाही. पण ते चालतं. तिकीट काढलेल्या माणसांना पोटात घेऊन या काँक्रीटवर फेरी मारतं. त्याला इथे ‘टॅक्सी रन’ म्हणतात.

(दृश्य: विमानाच्या आत. अरुंद बोळ. कॅमेरा पुढे सरकतो.)

आत शिरलात की ताठ उभं राहणं विसरा. आणि मध्येच हा आडवा तुळईसारखा भाग येतो. हा पंखांचा मुख्य कणा. विमानाच्या एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत सलग जाणारा, म्हणून तो कापून वाट करता येत नाही. पुढे जायचं तर त्यावर चढून पलीकडे उतरायचं. आज लोक टी-शर्टवर हे करतात आणि तरी गुडघा आपटतो. त्या वेळी अंगावर जाड कातडी कोट, गळ्यात प्राणवायूची नळी, बाहेर काळोख.

सात जण असायचे. सगळ्यात एकटा शेपटीतला तोफची. बाकीच्यांना निदान कोणाची तरी पाठ दिसायची. ह्याला फक्त मागे पडत जाणारी रात्र. काचेवरच्या ओरखड्यालाही शत्रूचं विमान समजण्याची भीती, म्हणून कित्येकांनी समोरची काचच काढून टाकली आणि शून्याखालच्या थंडीत उघड्यावर बसले.

(दृश्य: नाकाजवळ रंगवलेली तरुणी. अक्षरं: ‘जस्ट जेन’.)

ही जेन. ‘डेली मिरर’ या दैनिकातल्या चित्रमालिकेची नायिका. हिचे कपडे कशात ना कशात अडकून फाटायचे, आणि त्यानं म्हणे सैन्याचं मनोधैर्य वाढायचं. असो.

एनएक्स ६११ हे ऑस्टिन या मोटार कंपनीनं लाँगब्रिजच्या कारखान्यात १९४५ साली बांधलं. जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी. ते तयार झालं आणि युद्धच संपलं, त्यामुळे ह्यानं एकही बॉम्ब टाकलेला नाही. पुढे फ्रेंच नौदलानं विकत घेतलं, समुद्रावर गस्त घालायला. तिथून प्रशांत महासागरातलं न्यू कॅलेडोनिया बेट. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातून उडत इंग्लंडला परत. मग हस्तांतरं, एक फसलेला लिलाव, आणि शेवटी स्कॅम्प्टनच्या हवाई तळाच्या फाटकावर शोभेला उभं. पावसात. वर्षानुवर्षं.

(दृश्य: जुना कौटुंबिक फोटो. मग विमानतळाचं फाटक.)

ते तिथून इथे आणलं दोन शेतकऱ्यांनी. फ्रेड आणि हॅरल्ड पँटन. या विमानतळाच्या जागेवर त्यांचं कुक्कुटपालन होतं. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर बॉम्बर विमानावर फ्लाइट इंजिनिअर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्री ७९५ विमानं जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गवर निघाली, ९५ परतली नाहीत. ख्रिस्तोफर त्यांतल्या एकात होता. वय १९.

भावांनी १९८३ मध्ये हे लँकेस्टर विकत घेतलं. १९८८ मध्ये ते ईस्ट कर्कबीला आलं. अंडी विकून आलेल्या पैशातून बॉम्बर पोसायचं ठरवणाऱ्या माणसांना गावानं काय म्हटलं असेल, ते आपणच समजून घ्यावं.

(दृश्य: ड्रोन. हिरव्या शेतांत उमटलेला फिकट त्रिकोण.)

वरून पाहिलं की अजून खुणा दिसतात. तीन धावपट्ट्या, एकमेकींना छेदणाऱ्या. मुख्य २,००० यार्डांची, बाकीच्या दोन १,४०० च्या, रुंदी ५०. तीन अशासाठी, की भरलेलं बॉम्बर वाऱ्याच्या तोंडावरच उचलावं लागतं आणि वारा काही आदेश पाळत नाही. भोवती गोल रस्ता. त्याला फुटलेल्या या लहान लहान गोल जागा विमानं उभी करायच्या. मुद्दाम लांब लांब, म्हणजे एका हल्ल्यात सगळी जायला नकोत. १९४२ च्या धामधुमीत ब्रिटनमध्ये सरासरी तीन दिवसाला एक नवा विमानतळ तयार होत होता.

युद्ध संपलं आणि ह्या साऱ्या काँक्रीटचं करायचं काय, असा प्रश्न आला. सिल्व्हरस्टोनला मोटारी धावू लागल्या, तीच आजची प्रसिद्ध शर्यतीची वाट. नॉरफोकमध्ये धावपट्ट्यांवर टर्कीच्या लांबलचक शेड उभ्या राहिल्या. पुष्कळ ठिकाणी काँक्रीट फोडून त्याची खडी झाली आणि ती नव्या रस्त्यांखाली गेली. वुडहॉल स्पाच्या विमानतळाची तर खाण झाली, वाळू आणि खडीची. कंट्रोल टॉवरांची छपरं पडली, भिंतींवर झाडं उगवली. आता जिथे उरलंय तिथे घरांच्या योजनांच्या पाट्या लागतात.

ईस्ट कर्कबीचा टॉवर मात्र उभा आहे. आत फळ्यावर खडूनं विमानांची नावं, टेलिफोन, चहाचे मग. कारण एकच. इथे माणसं येतात.

(दृश्य: हँगर. संध्याकाळ. बायकांचे ठिपक्यांचे फ्रॉक, पुरुषांचे हवाई दलाचे निळे कोट. बँड सूर लावतोय.)

आणि ती नुसती विमान बघायला येत नाहीत.

गणपतीत ठेवणीतली नऊवारी आणि फेटे निघावेत तसे इथे उन्हाळ्यात आजोबांच्या पेटीतले कपडे निघतात. हा कॉलर बघा, आतल्या बाजूला. दोन गोल तुकडे आणि ४१ हा आकडा. ही ‘युटिलिटी’ कपड्यांची सरकारी खूण. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपडे कुपनांवर मिळू लागले, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. कापड वाचवायचं म्हणून खिसे कमी, चुण्या कमी, पुरुषांच्या पँटची दुमड बंद. ही खूण असलेला अस्सल कोट मिळाला की इथला माणूस तुम्हाला तो उलटा करून दाखवल्याशिवाय राहत नाही.

आणि ह्या बाईंच्या पोटरीवरची रेघ बघा. मोजे नाहीत. युद्धात रेशमी मोजे मिळेनासे झाले, तेव्हा बायका भुवयांच्या पेन्सिलीनं मागे शिवण काढायच्या. ह्यांनी हौसेनं काढली आहे. जरा तिरकी झाली आहे, पण नाचताना कोण बघतंय.

(बँड सुरू. जोड्या मैदानात उतरतात.)

हा लिंडी हॉप. आठ मात्रांचा खेळ. पहिल्या दोन मात्रांत तो तिला जवळ ओढतो, मधल्या तिहेरी पावलांत दोघं एकमेकांभोवती फिरतात, आणि शेवटी ती हाताच्या अंतरावर बाहेर फेकली जाते. फेकली जाते म्हणजे ताण ठेवून. दोन्ही हात सैल पडले की नाच मेला. गुडघे वाकलेले, भार खाली जमिनीत. वर उड्या मारणारा नवशिका लगेच ओळखू येतो.

हा नाच इंग्लंडचा नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला, कृष्णवर्णीय तरुणांचा. १९२६ मध्ये तिथे सॅव्हॉय बॉलरूम उघडली. अमेरिकेत जेव्हा बस, शाळा, पाण्याचे नळसुद्धा रंगानुसार वेगळे होते, तेव्हा सॅव्हॉयच्या फरशीवर गोरे आणि काळे एकत्र नाचत. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग एकट्यानं विमान घेऊन अटलांटिक ओलांडून गेला. त्याच्याच नावावरून या नाचाला नाव पडलं, अशी कथा सांगतात. खरी असो वा खोटी, हँगरात नाचणाऱ्यांना ती फार आवडते.

फ्रँकी मॅनिंग हा सॅव्हॉयमधला पोरगा. तिथे एक जुनी जोडी नाचाच्या शेवटी गंमत करायची. उंच बिया ठेंगण्या शॉर्टी जॉर्जला पाठीवर घेऊन मैदानाबाहेर न्यायची. फ्रँकीच्या डोक्यात आलं, नुसतं उचलून नेण्याऐवजी पाठीवरून पलटी का नाही मारायची? आणि तीसुद्धा तालात, पाय बरोबर मात्रेवर जमिनीला लागले पाहिजेत. तो आणि त्याची जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टन, दोघांनी गाद्यांवर पडत-आपटत सराव केला आणि १९३५ च्या सुमारास स्पर्धेत ती पलटी मारून दाखवली. पाठीला पाठ, कोपरात कोपर, आणि ती त्याच्या डोक्यावरून पुढे. आज ज्याला ‘एअर स्टेप’ म्हणतात ते तिथून सुरू झालं.

(दृश्य: हँगरातली जोडी. पलटी. मंद गतीत.)

ही ती.

युद्धानंतर नाचाची फॅशन बदलली. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी पाडली गेली. फ्रँकीनं टपाल खात्यात नोकरी धरली आणि ती तीस वर्षं केली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या तरुण नर्तकांनी जुन्या चित्रफिती बघून त्याला शोधून काढलं, आणि सत्तरी ओलांडलेला हा टपाल कर्मचारी जगभर फिरून नाच शिकवू लागला. २००९ मध्ये तो गेला, ९५ वा वाढदिवस महिन्याभरावर असताना. इथे नाचणाऱ्या बहुतेकांचे गुरू किंवा गुरूचे गुरू त्याच्यापाशी जाऊन पोचतात.

इंग्लंडला हा नाच मुख्यतः अमेरिकी सैनिकांनी आणला. १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या स्वारीच्या वेळी ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख अमेरिकी सैनिक होते. इथल्या सभ्य नृत्यगृहांनी ‘जिटरबग करू नये’, म्हणजे हा असला नाच नको, अशा पाट्या लावल्या, त्या कोणी फारशा मानल्या नाहीत. अमेरिकी सैन्यात मात्र गोरे-काळे वेगळेच होते, आणि ज्यांच्या वस्तीत हा नाच जन्मला त्यांच्यासाठी इंग्लंडच्या कित्येक गावांत नाचाची रात्र वेगळी ठेवली जाई.

(दृश्य: मुंबई. ताजमहाल हॉटेल, समुद्राकडून.)

हा ताल आपल्याकडेही येऊन गेला. युद्धाच्या सुमारास ताजमध्ये टेडी वेदरफर्ड या अमेरिकी पियानोवादकाचा बँड वाजायचा, आणि गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट तिथे ट्रम्पेट वाजवायचा. पुढे हा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या संगीतात आला. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या पायाखाली जो ताल आहे, त्यात स्विंगचा, म्हणजे या नाचाच्या जाझ संगीताचा, वाटा मोठा आहे. तेव्हा हँगरातला हा बँड ऐकून कुठल्या मराठी माणसाचा पाय हलला, तर त्यात नवल नाही.

(दृश्य: ट्विनवुड, बेडफर्डशर. झाडीतला कंट्रोल टॉवर.)

आणखी एक टॉवर. ट्विनवुड. १९४४ च्या जुलैत ग्लेन मिलर या प्रसिद्ध अमेरिकी बँडप्रमुखाचा लष्करी बँड लंडन सोडून बेडफर्डला आला. जर्मनांचे उडते बॉम्ब लंडनवर पडत होते म्हणून. बँड निघाला, आणि दुसऱ्याच दिवशी तो राहत होता त्या स्लोन कोर्टवर बॉम्ब पडला. मिलर वाचला. १५ डिसेंबर १९४४ ला तो इथून, या धावपट्टीवरून, एका इंजिनाच्या छोट्या नॉर्समन विमानातून पॅरिसला निघाला. हवा खराब होती. ते विमान आजतागायत सापडलेलं नाही.

टॉवर पडायला आला होता. तो दुरुस्त झाला, २००२ मध्ये तिथे मिलरचं संग्रहालय उघडलं, आणि ऑगस्टच्या अखेरीला या माळावर स्विंगचा महोत्सव भरू लागला. तंबू, बँड, केस कुरळे करून देणाऱ्या बायका, जुन्या तबकड्या विकणारे.

लोक नाकं मुरडतात. युद्धाची जत्रा करता, म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. म्हणूनच अनेक आयोजक जर्मन गणवेश घालून येऊ नका असं आधीच बजावतात. पण ह्या जागा अभ्यासकांच्या निबंधांनी वाचलेल्या नाहीत. त्या वाचल्या तिकिटांनी, केकच्या तुकड्यांनी आणि नाचणाऱ्यांच्या पायांनी.

(दृश्य: लिंकन. उंच गंजलेला पोलादी स्तंभ. भिंतींवर नावं.)

बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर शाखेचे, सुमारे सव्वा लाख हवाई सैनिक. मेले ५५,५७३. हा स्तंभ ३१ मीटर उंच आहे, लँकेस्टरच्या पंखांच्या रुंदीएवढा. आणि ही विमानं जिथे पोचली त्या हॅम्बुर्गमध्ये, ड्रेस्डेनमध्ये हजारो माणसं जळून मेली.

(दृश्य: ईस्ट कर्कबी. हिवाळा. हँगर. लँकेस्टरचे पत्रे उतरवलेले.)

उन्हाळा सरला की टॅक्सी रन बंद. विमान आत येतं, आणि ते पुन्हा उडावं म्हणून दर हिवाळ्यात त्याचा एकेक भाग उघडला जातो. गंजलेला रिव्हेट ड्रिलनं काढायचा, भोक तपासायचं, पत्रा उतरवायचा, त्याच मापाचा नवा कापायचा, वाकवायचा, पुन्हा रिव्हेट. ह्या एका पट्टीत किती रिव्हेट आहेत ते मोजून बघा, मग पूर्ण पंखाचा अंदाज येईल. वसंतात पत्रे परत चढतात, इंजिनं तपासली जातात, आणि फेऱ्यांची तिकिटं विक्रीला निघतात. पुढच्या हिवाळ्याचे पत्रे त्याच पैशातून येतात.