जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायची, तर कोणती फाईल आधी?

(बांधीव खंड उघडतो. पानाची कड तुटून टेबलावर पडते.)

हे पान शंभर-सव्वाशे वर्षांचं. बोट लागलं की तुकडा पडतो. शेजारच्या खंडातलं पान दोनशे वर्षांचं आहे, आणि ते मात्र खुशाल उलटतं. कारण ते चिंध्यांच्या कागदावर छापलंय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तमानपत्रं लाकडाच्या लगद्यावर निघू लागली. कागद स्वस्त झाला, पण त्यातलं लिग्निन (लाकडातलंच एक द्रव्य) आणि आम्ल त्याला आतूनच खात राहिलं. तेव्हा डिजिटल संग्रहासाठी वर्तमानपत्रं निवडताना ‘सगळ्यात जुनं ते आधी’ हा हिशेब फसतो.

मग आधी काय घ्यायचं?

समितीत पहिली नावं येतात ती बड्या दैनिकांची. साहजिक आहे. पण बड्या दैनिकाच्या फायली अनेक ग्रंथालयांत असतात, आणि आडगावच्या साप्ताहिकाची कदाचित एकच उरलेली असते. अभ्यासकाला त्यात काय मिळतं? बाजारभाव. लिलावाच्या नोटिसा. बोटींच्या वेळा. नोकर पाहिजे, घोडा हरवला. हे दुसरीकडे क्वचितच नोंदलेलं असतं. गाजलेले अग्रलेख तर पुस्तकांतही सापडतात.

दुसरी गोष्ट, सलगता. फाईल तीस वर्षांची, आणि मधली चारच वर्षं गायब. ती बहुधा युद्धाची किंवा बंदीची निघतात. म्हणजे नेमकी हवी तीच. लंडनमध्ये कॉलिंडेलला ब्रिटिश वर्तमानपत्रांचं भांडार होतं. 20 ऑक्टोबर 1940 रोजी त्यावर बॉम्ब पडला. सुमारे 6,000 खंड नष्ट झाले, 15,000 खराब झाले. त्यातलं जे दुसरीकडे कुठंच नव्हतं, ते आता कुठल्याच यादीत निवडता येणार नाही.

(मायक्रोफिल्मचं, म्हणजे पानांच्या बारीक छायाचित्रांचं, रीळ फिरतं.)

आणि खरं सांगायचं तर, बरीचशी निवड आपल्याआधीच होऊन गेलेली असते. कागदापेक्षा मायक्रोफिल्मवरून स्कॅन करणं स्वस्त आणि झटपट. त्यामुळे जे पूर्वी कुणी चित्रित करून ठेवलं, तेच पुढं सरकतं. दिवसाला चार आवृत्त्या निघत असल्या, तरी रिळावर बहुधा एकच असते. छायाचित्रांची काजळी झालेली असते. खंडाच्या शिवणीजवळची अक्षरं सावलीत बुडतात आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा संगणकाचा प्रोग्रॅम, तिथं भलतंच वाचतो. ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’ या ऑनलाइन संग्रहावर अशा ओळी वाचकच दुरुस्त करत बसतात. मला हे फार आवडतं.

अमेरिकेत वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहासाठी 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं पहिल्या फेरीत फक्त 1900 ते 1910 ही वर्षं घेतली, तीही इंग्रजी पत्रांचीच. कुठूनतरी सुरुवात करायची होती, हे मान्य. पण तेव्हा तिथंच जर्मन, इटालियन, स्पॅनिश पत्रंही निघत होती. त्यांची पाळी नंतर आली. तोवर शोधखिडकीत शब्द टाकणाऱ्याला ती माणसं दिसलीच नाहीत. पडद्यावर ‘शून्य निकाल’ आलं, की घडलंच नाही असं वाटतं. घडलं नव्हतं, की स्कॅन झालं नव्हतं, हे पडद्यावरून कळत नाही.

म्हणून निवडलेल्या पत्रांशेजारी न निवडलेल्यांची यादीही द्यावी, कारणासकट. गहाळ अंकांच्या तारखा द्याव्यात. काम कंटाळवाणं आहे, आणि निधी मागताना त्याचा खर्च कुणी धरत नाही.

(टेबलावरचे तुकडे ब्रशनं पाकिटात जातात. पाकिटावर पेन्सिलीनं खंडाचा क्रमांक.)