शिशाच्या डबीतली कॅप्सूल आणि सोबतचा अँटीबॉडी रिपोर्ट

ही जाड शिशाची डबी बघा. आत एकच कॅप्सूल आहे, आयोडीन-१३१ची, म्हणजे किरणं सोडणाऱ्या आयोडीनची, थायरॉईडच्या कॅन्सरवरचं औषध. पेशंट ती पाण्याबरोबर गिळतो, बस्स, आणि स्टाफ लगेच दाराबाहेर होतो कारण आता किरणं पेशंटच्या अंगातूनच निघणार आहेत.

थायरॉईडच्या पेशीला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, ते रक्तातून आत ओढायला तिच्या आवरणावर एक खास प्रोटीन असतं. पॅपिलरी, फॉलिक्युलर या प्रकारच्या थायरॉईड कॅन्सरच्या बऱ्याच पेशींतही हे प्रोटीन थोडंफार टिकून असतं, म्हणून ऑपरेशननंतर उरलेल्या पेशी कॅप्सूलमधलं आयोडीन स्वतःच खेचून घेतात आणि आतून मरतात. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, वाढला की ओढ वाढते, त्यासाठीच आधी थायरॉईडची गोळी काही आठवडे बंद करतात किंवा टीएसएचचं इंजेक्शन देतात, आणि जेवणातलं आयोडीनही कमी करायला सांगतात.

आता मायक्रोस्कोपखालची ही स्लाइड. हे जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके म्हणजे लिम्फोसाइट, आपल्याच संरक्षणाच्या पेशी, आणि त्या थायरॉईडवरच तुटून पडल्यात. १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी असे ४ पेशंट नोंदवले, आजाराला त्यांचंच नाव पडलं. कॅन्सरच्या पेशंटला हा आजारही असू शकतो, आणि अशा ग्रंथीत आयोडीन ओढणाऱ्या पेशी मरतात, उरलेल्यांतलं ते प्रोटीनही कमी होऊ शकतं, म्हणजे डोस तोच पण आत बसणारं आयोडीन कमी असू शकतं. सगळे अभ्यास इथे एकमत नाहीत, काहींत फरक दिसला, काहींत नाही.

गॅमा कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू सरकतो, जिथे आयोडीन साठलंय तिथे काळे डाग. पण नुसतं स्कॅनवर भागत नाही, रक्ताची ही ट्यूबही तेवढीच महत्त्वाची. ऑपरेशननंतर थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रोटीन, मोजतात, ते वाढलं तर कॅन्सरची शंका येते. हाशिमोटोवाल्यांच्या रक्तात बऱ्याचदा याच थायरोग्लोब्युलिनविरुद्ध अँटीबॉडी असतात, त्या नेहमीच्या टेस्टला फसवतात आणि आकडा खोटाच कमी येतो. कॅन्सर परतला तरी रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो.

म्हणून थायरोग्लोब्युलिनसोबत अँटीबॉडीची टेस्ट दर वेळी व्हायलाच हवी, शक्यतो त्याच लॅबमध्ये त्याच पद्धतीने. अँटीबॉडीचा आकडा वर्षभरात, कधी दोन-तीन वर्षांत, हळूहळू उतरत गेला तर चांगलं लक्षण, चढायला लागला तर डॉक्टर मानेची सोनोग्राफी करून बघतात.