सत्तावीस मतांची गोष्ट

[दृश्य: वॉशिंग्टन. कॅपिटॉलखालचं भुयार. कृष्णधवल छायाचित्र.]

सिनेटर म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य. त्यांच्या कचेऱ्यांपासून कॅपिटॉल या संसदभवनापर्यंत जमिनीखालून एक छोटी रेल्वे धावते. 1 जून 1950 च्या दिवशी त्या रेल्वेत दोन सिनेटरांची गाठ पडली. दोघं एकाच पक्षाचे, रिपब्लिकन. एक विस्कॉन्सिनचे जोसेफ मॅकार्थी. दुसऱ्या मेन राज्याच्या मार्गारेट चेस स्मिथ.

“मार्गारेट, चेहरा फारच गंभीर दिसतोय. भाषण करणार की काय?”

“हो. आणि ते तुम्हाला आवडणार नाही.”

मॅकार्थी हसले. मग म्हणाले, “लक्षात ठेव, विस्कॉन्सिनची अधिवेशनातली 27 मतं माझ्या हातात आहेत.”

हा संवाद पुढे स्मिथबाईंनीच सांगितला. अधिवेशन म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं पक्षाचं अधिवेशन. बाईंचं नाव त्या काळात उपाध्यक्षपदासाठी घेतलं जात होतं. ही धमकीच होती. ही 27 मतं लक्षात राहू द्या.

[दृश्य: मेन राज्यातलं स्कौहेगन गाव. केशकर्तनालय, लोकरीची गिरणी.]

स्कौहेगन हे गिरण्यांचं गाव. वडील न्हावी. मार्गारेटने शाळेत शिकवलं, टेलिफोन कंपनीत काम केलं, वर्तमानपत्रात केलं, लोकरीच्या गिरणीच्या कचेरीतही केलं. नवरा संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा सदस्य. 1940 मध्ये तो वारला आणि त्याच्या जागेवर त्या निवडून आल्या. नवऱ्याच्या जागेवर बायको येणं तेव्हा नवीन नव्हतं. पुढे स्वतःच्या बळावर टिकणं मात्र दुर्मीळ होतं. 1949 मध्ये त्या सिनेटमध्ये गेल्या. 96 सदस्यांच्या त्या सभागृहात बाई एकच.

[दृश्य: व्हीलिंग, वेस्ट व्हर्जिनिया. हॉटेलची इमारत.]

भाषणाच्याच वर्षी, 9 फेब्रुवारी 1950 ला, व्हीलिंग गावात रिपब्लिकन महिलांच्या मेळाव्यात मॅकार्थींनी एक कागद फडकवला होता. परराष्ट्र खात्यात दडलेल्या कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे, असं ते म्हणाले. स्थानिक वर्तमानपत्राने आकडा छापला 205. दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना पाठवलेल्या निरोपात तो झाला 57. महिना संपायच्या आत सिनेटमध्ये 81 प्रकरणं. आकडा वरखाली होत राहिला आणि मथळे मोठे होत गेले.

सोव्हिएत रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली होती, चीनमध्ये माओंची सत्ता आली होती. हेरही खरेच सापडत होते. भीती निराधार नव्हती. म्हणूनच ती वापरता आली. स्मिथबाईंनाही आधी वाटलं, मॅकार्थींकडे काही तरी असेल. त्यांनी कागद मागून पाहिले. आरोप आणि कागद यांचा मेळ त्यांना लागेना. सिनेटमध्ये नवख्या होत्या, म्हणून कुणीतरी ज्येष्ठ बोलेल याची वाट पाहिली. कुणी बोललं नाही.

इथे सिनेटची एक सोय सांगायला हवी. सभागृहात काढलेल्या शब्दाबद्दल सदस्यावर कोर्टात दावा लावता येत नाही. सत्ताधाऱ्यांना निर्भयपणे जाब विचारता यावा, म्हणून राज्यघटनेने दिलेलं हे संरक्षण. मॅकार्थी त्याच संरक्षणाआडून सामान्य नोकरदारांची नावं चिखलात ओढत होते आणि त्या माणसांना उलट दावा लावायची सोय नव्हती. स्मिथबाईंचा राग मुख्यतः या गोष्टीवर होता. विचार कडवा असण्यावर नव्हे, हत्यार कशासाठी दिलं आणि कुणावर चालतंय, यावर.

[दृश्य: सिनेट सभागृह. कोटावर गुलाब लावलेल्या स्मिथ.]

भाषण झालं जेमतेम पंधरा मिनिटं. मॅकार्थी दोन रांगा मागे बसलेले. बाईंनी त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही. सिनेट हे द्वेषाचं आणि चारित्र्यहननाचं व्यासपीठ झालं आहे, असं त्या म्हणाल्या. टीका करण्याचा, लोकांना न रुचणारी मतं बाळगण्याचा, निषेधाचा आणि स्वतंत्र विचाराचा हक्क, या अमेरिकी असण्याच्या मूळ गोष्टी आहेत, हे त्यांनी बजावलं. ट्रूमन सरकारलाही सोडलं नाही. आपल्या पक्षाची सत्ता यावी, देशाला तिची गरज आहे, हेही ठासून सांगितलं. पण भीती, अज्ञान, कट्टरपणा आणि बदनामी या चार घोडेस्वारांच्या जोरावर मिळालेला विजय मला नको, असं त्या म्हणाल्या.

सोबतच्या निवेदनावर आणखी सहा रिपब्लिकन सिनेटरांच्या सह्या होत्या. त्यात व्हरमाँटचे जॉर्ज एकेन होते. मॅकार्थी काही न बोलता सभागृहातून निघून गेले. नंतर त्यांनी या मंडळींचं बारसं केलं: हिमगौरी आणि सहा बुटके.

यानंतर सगळं पालटलं असं सांगता आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. पण 25 जूनला कोरियात युद्ध पेटलं आणि देशाचं लक्ष तिकडे गेलं. मॅकार्थींचे आरोप बनाव आहेत असा अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष, मेरीलँडचे सिनेटर टायडिंग्ज, त्याच नोव्हेंबरात निवडणूक हरले. प्रचारात त्यांचा फोटो कम्युनिस्ट नेते अर्ल ब्राउडर यांच्या फोटोशेजारी जोडून छापला होता. दोघं गप्पा मारताहेत असं वाटावं, इतका बेमालूम. तेव्हा कात्री आणि डिंक पुरेसा होता. स्मिथबाईंना मॅकार्थींनी चौकशी उपसमितीतून काढलं. त्यांच्या जागी आले रिचर्ड निक्सन.

मराठीत ‘मवाळ’ म्हटलं की डोळ्यांपुढे अर्ज-विनंत्या येतात. जहाल-मवाळ वादाने तो शब्द आपल्याकडे जरा बिचारा करून ठेवला आहे. स्मिथबाईंना तो लावून बघा, बसत नाही. 1953 मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालणारं विधेयक त्यांनीच मांडलं. हे त्यांच्या 1950 च्या भाषणात बसतं का? माझ्या मते नाही. अण्वस्त्रांबाबत त्यांची भूमिका इतकी कठोर होती की सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्यांना बाईच्या रूपातला सैतान म्हणाले.

पहिल्या भाषणाला बरोबर वीस वर्षं झाली, त्या 1 जून 1970 ला त्या पुन्हा उभ्या राहिल्या. व्हिएतनाम युद्धावरून विद्यापीठं पेटली होती. केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले होते. या वेळी रोख डाव्या आततायीपणावर होता, आणि त्याचं भांडवल करणाऱ्या उजव्यांवरही. अराजक की दडपशाही अशीच निवड करायची वेळ आली, तर अमेरिकी जनता नाखुशीने का होईना दडपशाहीच निवडेल, असा इशारा त्यांनी दिला.

[दृश्य: मेनमधलं मतदान केंद्र, 1954.]

1954 मध्ये मॅकार्थींच्या पाठबळावर मेनमध्ये स्मिथबाईंविरुद्ध प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत, एक तरुण उमेदवार उभा राहिला. बाई जवळपास पाचास एक अशा फरकाने जिंकल्या. डिसेंबरात सिनेटने 67 विरुद्ध 22 मतांनी मॅकार्थींच्या वर्तनाचा निषेध केला.

मेनचे ते मतदार मला त्या भाषणाइतकेच महत्त्वाचे वाटतात. जानेवारी 2021 मध्ये कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा असं मत कनिष्ठ सभागृहातल्या 10 रिपब्लिकनांनी दिलं. 2022 च्या निवडणुकीत त्यातले चार उभेच राहिले नाहीत. चार प्रायमरीत हरले. वायोमिंगच्या लिझ चेनी त्यांतल्याच. उरले दोन, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांतले. तिथे सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोन पुढे जातात, म्हणजे पक्षाबाहेरचा मतदारही हात देऊ शकतो. अर्थात ही जादूची कांडी नव्हे. हरलेल्या चौघांपैकी एक त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या होत्या.

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, जुलै 1964. काउ पॅलेस.]

स्मिथबाई 1964 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. काउ पॅलेसमध्ये पक्षाचं अधिवेशन भरलं. तिथे राजकारणात अतिरेक करणाऱ्या गटांविरुद्ध बोलणाऱ्या न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांची, नेल्सन रॉकफेलर यांची, प्रतिनिधींनी हुर्यो उडवली. स्मिथबाईंचं नाव सुचवायला व्यासपीठावर आले, तेच व्हरमाँटचे एकेन. मतमोजणीत कडव्या उजव्या गटाचे बॅरी गोल्डवॉटर 883 मतांनी उमेदवार ठरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी अतिरेक हा दुर्गुण नव्हे. सभागृह दणाणून गेलं.

निकाल लागला की हरलेल्यांनी आपली मतं विजेत्याच्या पदरात टाकायची आणि निवड एकमताने झाली असं म्हणायचं, ही अधिवेशनांची जुनी रीत. स्मिथबाईंना मतं पडली होती 27. ती त्यांनी सोडली नाहीत.