पडलेल्यावर गोळी

[पडद्यावर खेळाचे चित्रण आहे. एक पात्र हातागुडघ्यांवर रांगत भिंतीच्या आडोशाला जाऊ पाहते.]

हा खेळाडू हरलेला आहे. त्याला बंदूक चालवता येत नाही, उठून उभे राहता येत नाही, आणि उरलेला जीव दाखवणारी पट्टी क्षणाक्षणाला आखूड होत चालली आहे. त्याचा सोबती वेळेत पोहोचून दहा सेकंद त्याच्यापाशी थांबला, तर तो पुन्हा उभा राहील. कोणीच आले नाही, तर पट्टी संपेल आणि त्याच्या जागी त्याचे सामान असलेली एक पेटी उरेल. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला बीजीएमआय, खेळणारी मुले या अवस्थेला ‘नॉक’ म्हणतात, आणि नॉक झालेल्यावर पुन्हा गोळी झाडून त्याला संपवण्याला ‘फिनिश’. हिंसक खेळ खेळणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न मी बरीच वर्षे मनात वागवत आलो आहे, आणि दर वेळी तो मला याच क्षणापाशी आणून सोडतो. म्हणून या चित्रफितीत मी मुख्यतः या एका कृतीविषयी बोलणार आहे.

[पुणे, सदाशिव पेठ. रात्रीची वेळ आहे. चार खाटांच्या खोलीत चार मुले फोन घेऊन बसली आहेत.]

या खोलीत कॉट बेसिसवर राहणारी ही मुले राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतात. अभ्यासिकेतून परतल्यावर आणि मेसचे जेवण उरकल्यावर चौघे आपापल्या खाटेवर बसतात आणि एक स्क्वाड म्हणून खेळात उतरतात. घामाने बोट घसरू नये म्हणून अंगठ्यांवर चढवलेल्या या काळ्या कापडी टोप्यांना फिंगर स्लीव्ह म्हणतात. डावा अंगठा पात्राला चालवतो, उजवा नेम धरतो, आणि दोन्ही तर्जन्या फोनच्या वरच्या कडेवरून वाकून गोळी झाडण्याचे व दुर्बीण उघडण्याचे काम करतात. ही पकड अंगवळणी पडायला फार वेळ लागतो, असे त्यांनी सांगितले, आणि कॅमेरा इतका जवळ नेल्यावर ती बोटे एखाद्या मुरलेल्या पेटीवादकाच्या बोटांइतकी बिनचूक चाललेली दिसतात.

सुमारे शंभर खेळाडू एका विमानातून बेटावर उड्या घेतात, आणि उतरताना कोणाजवळही बंदूक नसते. घरे, गोदामे, शाळा धुंडाळून जो तो बंदुका, चिलखते आणि औषधे गोळा करतो. एरँगल हा मूळ नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे. पण सुरक्षित वर्तुळ टप्प्याटप्प्याने आकसत जाते आणि वर्तुळाबाहेर राहणाऱ्याचा जीव घटत जातो, त्यामुळे दूर दूर उतरलेल्या टोळ्यांनाही शेवटी एखाद्या उघड्या माळावर समोरासमोर यावेच लागते. लपून राहायचे ठरवले तरी लढाई टळू नये, अशी ही रचना आहे आणि ती अत्यंत कौशल्याने केलेली आहे. जो या रचनेचा आनंद जाणत नाही, त्याला या खेळाच्या नीतीविषयीही नीट बोलता येणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

“भावा, एक नॉक केला, गोदामाच्या मागे.”

“फिनिश कर, फिनिश कर, नाहीतर उठवतील त्याला.”

या संवादात कोणतीही क्रूरता नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. नॉक झालेला खेळाडू दहा सेकंदांत पुन्हा शत्रू म्हणून उभा राहू शकतो, हे खरेच आहे. शिवाय स्पर्धांमध्ये प्रत्येक फिनिशला सहसा एक गुण मिळतो, त्यामुळे अर्धवट सोडलेला शत्रू म्हणजे वाया गेलेला गुण असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याच्यावर गोळी झाडली जाते, तो स्वतःच्या इच्छेने या खेळात उतरलेला असतो आणि काही मिनिटांत दुसऱ्या विमानातून पुन्हा उडी घेणार असतो. त्याचे काहीही हिरावले जात नाही. येथपर्यंत हिंसक खेळाची बाजू मला भक्कम वाटते आणि ती मी कोणासमोरही मांडायला तयार आहे.

[जुन्या खेळांच्या पडद्यांची चित्रे एकामागून एक येतात.]

या खेळांवरचा आक्षेप जवळजवळ या खेळांइतकाच जुना आहे. १९७६ साली अमेरिकेतील एक्झिडी कंपनीने ‘डेथ रेस’ नावाचा, नाणे टाकून खेळायचा खेळ आणला. त्यात गाडीखाली ओबडधोबड ठिपक्यांच्या आकृत्या चिरडायच्या असत. आकृती चिरडली की किंकाळी ऐकू येई आणि त्या जागी क्रूस उभा राही. तेवढ्यावरही मोठा गहजब झाला. १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला, आणि येथे आपण पुन्हा पडलेल्या माणसापाशी येतो. सामना संपलेला आहे, प्रतिस्पर्धी हरलेला आहे, तो जागच्या जागी झुलत उभा आहे, आणि खेळ आपल्याला त्याला संपवण्याचे फर्मान देतो. ठरावीक बटणे ठरावीक क्रमाने दाबली की प्रतिस्पर्ध्याचे मस्तक धडावेगळे होते किंवा हृदय उपटून काढले जाते. यातून जिंकण्यात काडीचीही भर पडत नाही, कारण विजय आधीच झालेला असतो.

१९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये या खेळासह हिंसक खेळांवर सुनावणी झाली आणि पुढल्याच वर्षी तेथील खेळ-उद्योगाने वयानुसार श्रेणी देणारी व्यवस्था उभी केली. त्या काळात निंटेंडो या कंपनीच्या घरगुती खेळयंत्रावर या खेळातले रक्त करड्या घामात बदललेले होते, तर सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्रावर एक सांकेतिक कळक्रम दाबला की लाल रक्त दिसत असे. ग्राहकांनी सेगाची आवृत्ती अधिक उचलली, आणि १९९४ मध्ये खेळाचा दुसरा भाग या यंत्रांवर आला तेव्हा निंटेंडोनेही रक्त लाल ठेवले.

भारतात हाच रंगबदल आपण नंतर पाहिला. पबजी मोबाइल २०१८ च्या मार्चमध्ये आला. २०१९ मध्ये राजकोटमध्ये स्थानिक बंदी-आदेश मोडून तो खेळल्याबद्दल तरुणांना अटकही झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. मात्र कारण देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती हे होते, हिंसेचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय या नावाने परतला, तेव्हा गोळी लागल्यावर उडणारे रक्त हिरवे झालेले होते. २०२२ च्या जुलैत तो पुन्हा हटवला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला, अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा पैसे लावून खेळण्यावर बंदी घालतो. पडलेल्या माणसाचे काय करावे, हा विषय या साऱ्या धामधुमीत कोणाच्याच कागदावर आला नाही, आणि रक्ताचा रंग बदलल्याने तो येणारही नव्हता.

हिंसक खेळांमुळे मुले प्रत्यक्षात हिंसक होतात का, याविषयी एवढे सांगणे पुरे आहे की ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधील किशोरवयीन मुलांवर केलेल्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही, आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये हिंसाचाराशी संबंध जोडण्याइतका पुरावा नसल्याचे सांगतानाच ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकतेशी लहानसा संबंध मान्य केला. अभ्यास, झोप आणि घरचे पैसे यांत होणारे नुकसान खरे आहे आणि ते पालक जाणतात.

[पुन्हा खेळाचे चित्रण. नॉक झालेल्या पात्राभोवती तीन जण गोल फिरत आहेत.]

हे दृश्य पाहा. गोळ्या भरपूर असूनही हे तिघे बंदुका बाजूला ठेवून पडलेल्याला ठोसे मारत आहेत, कारण ठोशांनी तो सावकाश मरतो. एक जण त्याच्यावर वरखाली बसतो आहे, दुसरा नाचतो आहे, आणि जवळपासच्यांना ऐकू जाईल असा माइक सुरू ठेवून तिसरा त्या अनोळखी मुलाला आईवरून शिव्या देतो आहे. आम्ही त्या शिव्या येथे पुसल्या आहेत. वर मी जी भक्कम बाजू मांडली, तिच्यातले एकही कारण येथे लागू पडत नाही. गुण वाढत नाही, धोका टळत नाही, आणि लढण्यास संमती देऊन आलेल्या त्या मुलाने अपमानास संमती दिलेली नसते. पात्र खोटे आहे, पण ती शिवी खऱ्या कानात जाते. माझ्या मते हिंसक खेळाच्या नीतीची रेषा येथे आहे: जिंकण्यासाठी गोळी झाडणे हा खेळ आहे, आणि हरलेल्या माणसाला तुडवण्यात सुख मानणे हे प्रत्यक्ष वर्तन आहे, मग ते पडद्यावर का होईना.

कोथरूडला राहणारी ही विद्यार्थिनी अनोळखी स्क्वाडमध्ये खेळताना माइक बंदच ठेवते. त्याचे कारण तिला विचारण्याची गरज आम्हाला भासली नाही.

[एका खेळाडूच्या फोनवर बंदुकीच्या स्किन दिसतात. पेटीचे जवळून चित्रण आहे.]

या रेषेच्या पलीकडचा मालही विकला जातो. पैसे भरून ‘यूसी’ हे खेळातले चलन घ्यायचे, त्यातून बंदुकीची स्किन, म्हणजे तिचे सजवलेले रूप, मिळवायची आणि ती पातळी पातळीने वाढवत न्यायची. अशा काही स्किनच्या वरच्या पातळीला आपण मारलेल्या खेळाडूची पेटीसुद्धा सजते. साध्या पेटीऐवजी ही चकाकणारी, खास नक्षीची पेटी पाहा. तिच्यात मेलेल्याचे सामान आहे आणि तिच्यावरची शोभा मारणाऱ्याने विकत घेतलेली आहे. निर्मात्यांना माझा सर्वांत गंभीर आक्षेप या पेटीबद्दल आहे, कारण हरलेल्याच्या जागेवर जिंकणाऱ्याची जाहिरात करण्याची कल्पना खेळाच्या नियमांतून आलेली नाही, ती दुकानातून आलेली आहे.

वेगळ्या तऱ्हेने केलेले हिंसक खेळही आहेत. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओज या संस्थेचा, बोस्नियातील सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला, २०१४ चा ‘धिस वॉर ऑफ माइन’ खेळाडूला सैनिक करत नाही. वेढलेल्या शहरात जीव जगवणारे सामान्य लोक त्याच्या हाती देतो. त्यात एका शांत घरात एक वृद्ध जोडपे राहते. त्यांचे अन्न आणि औषधे आपण उचलू शकतो, अडवणारे कोणी नाही. म्हातारा मागे मागे चालत विनवण्या करत राहतो. सामान घेऊन परतल्यावर आपलीच पात्रे खिन्न होतात आणि काम करीनाशी होतात. २०२० मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी हा खेळ शाळांच्या शिफारस-यादीत घेण्याचे जाहीर केले, आणि हे मला अगदी योग्य वाटते.

[सदाशिव पेठेतील खोली. मुले एका वहीत नियम लिहीत आहेत.]

रणात पडलेल्याचे काय करावे, हा आपल्याकडचाही फार जुना वाद आहे. रथाचे चाक रुतले असताना कर्णावर बाण सोडावा की नाही, यावर कीर्तनात, पारावर आणि घराघरांत आजवर बोलले गेले आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी जखमी होऊन लढाईबाहेर पडलेल्या सैनिकाला संरक्षण दिले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने ‘फोर्टनाइट’ या लोकप्रिय खेळात युद्धनियमांनुसार खेळण्याचा एक प्रकार मांडला, आणि पडलेल्या शत्रूवर गोळ्या झाडत राहू नये हा त्यातला एक नियम होता. आम्ही या मुलांसमोर तो नियम ठेवला आणि त्यांनी तो स्वतःच्या कस्टम रूममध्ये, म्हणजे ओळखीच्यांना बोलावून खेळायच्या खासगी सामन्यात, वापरून पाहण्याचे कबूल केले.

लगेच आक्षेप आला, आणि तो बिनतोड होता. “सर, नॉक झालेला माणूस माइकवरून आमची जागा सांगतो. तो बोलतोय म्हणजे लढतोय.” युद्धाच्या कायद्याचीही अट हीच आहे: जखमीला संरक्षण हवे असेल, तर त्याने शत्रुत्वाची कृती थांबवली पाहिजे. तेव्हा वहीत दुसरे कलम लिहिले गेले, की नॉक होताच माइक बंद करायचा. तो बंद केला की नाही हे तपासणार कोण, असे एकाने विचारले; ज्याचे त्याने पाळायचे, असे ठरले.

[कस्टम रूममधील सामन्याचे चित्रण.]

पहिल्या सामन्यात तीन जणांनी जुन्या सवयीने गोळी झाडलीच आणि माफी मागितली. दुसऱ्या सामन्यात एका स्क्वाडने आपला नॉक झालेला सोबती मुद्दाम दारात पडू दिला आणि त्याच्या आडून धुराचे गोळे टाकले, त्यावरून बराच वाद झाला. लढाया लांबल्या, गुणांचा हिशेब बिघडला, आणि क्रमवारीच्या खेळात हे कधीच चालणार नाही, हे मत चौघांनीही ठामपणे नोंदवले. मात्र नियम मोडीत काढण्याऐवजी त्यांनी वहीत तिसरे कलम वाढवले: नॉक झालेल्याने दाराच्या वाटेतून बाजूला सरकायचे आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचा आडोसा घ्यायचा नाही. पुढच्या रविवारी तिन्ही कलमांसह खेळायचे ठरले असून शेजारच्या दोन खोल्यांतील मुलांनीही नावे दिली आहेत.