लाकडी डबा, सहाशे व्होल्ट

(दृश्य : डब्याच्या तळाशी लोखंडी सळ्या)

आधी या जुन्या रेल्वेडब्याच्या खाली बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या या सळ्यांच्या जिवावर वरचा सगळा लाकडी डोलारा उभा आहे. लांब डबा दोन्ही टोकांच्या चाकांवर टेकला की मधून झोळीसारखा खाली येऊ पाहतो. तो येऊ नये म्हणून या सळ्या ताणलेल्या. मधला आटेदार टर्नबकल पिळला की सळी आवळली जाते, डबा पुन्हा सरळ होतो. लाकूड वाळतं, फुगतं, सैलावतं. त्यामुळे हे काम कायमचंच.

हा २० नंबरचा डबा. ओहायोतल्या नाइल्स कार कंपनीने १९०२ साली बांधलेला, शिकागो आणि ऑरोरा जोडणाऱ्या विजेच्या रेल्वेसाठी. ट्रामपेक्षा लांब जाणारी, वाफेच्या गाडीपेक्षा जास्त वेळा सुटणारी ही इंटरअर्बन. ऑरोराची वाहतूक २५ ऑगस्ट १९०२ ला सुरू झाली. बहुतेक मार्गावर वीज मिळे ती रुळांच्या कडेच्या तिसऱ्या रुळातून, ६०० व्होल्टची.

(दृश्य : खिडक्या, छप्पर)

छताचा मधला भाग उंच ठेवलाय, त्याच्या दोन्ही अंगांना छोट्या काचा, हवा आणि उजेडासाठी. वरून फळ्यांवर कॅनव्हास ताणून रंगाचे थर दिलेत, म्हणजे पाणी झिरपत नाही. बाजूची प्रत्येक फळी शेजारच्या फळीच्या खाचेत बसवलेली. हे कसबी सुतारकाम आहे, आणि याचं मोल रेल्वेच्या इतिहासात फार कमी लोकांनी केलं.

(दृश्य : व्हीटन, जुनी छायाचित्रं)

वाटेतल्या व्हीटन गावाला मार्ग फुटे. शिकागोहून आलेली गाडी इथे सुटी होई. काही डबे ऑरोराकडे, काही एल्जिनकडे. डब्याडब्याला मोटरी, पण सगळ्या चालवणार पुढचा एकच मोटरमन. मुंबईची लोकल याच तत्त्वावर चालते.

टकरीत लाकडी डबे एकमेकांत घुसत, म्हणून १९२३ पासून स्टीलचे डबे आले. तरी लाकडी डबे सेवेत राहिले.

१९५३ मध्ये एक्सप्रेसवेच्या कामामुळे गाडी शिकागोत जायची थांबली, प्रवासी घटले. ३ जुलै १९५७ ला भर दुपारी सेवा बंद झाली. सकाळी कामावर गेलेल्यांना परतीची गाडी मिळाली नाही.

(दृश्य : सायकलस्वार)

रूळ उखडले, जमिनीचा पट्टा उरला. निसर्ग-अभ्यासक मे वॉट्स यांनी १९६३ मध्ये शिकागो ट्रिब्यूनला पत्र लिहून इथे पायवाट मागितली. तीच ही इलिनॉय प्रेअरी पाथ. ऑरोरा परिसरातल्या मराठी कुटुंबांनाही ती ओळखीची आहे.

(दृश्य : कार्यशाळा)

२० नंबर आता साउथ एल्जिनच्या फॉक्स रिव्हर ट्रॉली संग्रहालयात आहे. १९०६ चा नाइल्सचाच ३०८ नंबर युनियन गावच्या इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये. दोन्हीकडे कामाची भिस्त स्वयंसेवकांवर. त्या भागात राहत असाल, तर एक रविवार तिकडे जाऊन या. रंधा चालवता येत असेल तर नक्कीच.